‘के’ची क्वालिटी : प्रस्तावना

व्यापारी नावात मुद्दाम केलेली स्पेलिंगची चूक हा या पुस्तकाचा विषय आहे. छापखान्यात राहून गेलेली किंवा पाटी रंगवणाऱ्याच्या हातून झालेली चूक इथे अभिप्रेत नाही. मालकाने विचार करून केलेली, पैसे मोजून नोंदवलेली आणि पुढे वर्षानुवर्षे जपलेली चूक, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये १९४० साली सुरू झालेल्या आइस्क्रीमच्या व्यवसायाने ‘क्वालिटी’ हा इंग्रजी शब्द ‘क्यू’ गाळून ‘के’ने लिहिला. १९७७मध्ये कोका-कोला भारतातून गेली आणि पार्लेने ‘थम्स अप’ आणले. त्यातल्या ‘थम’चा शेवटचा ‘बी’ त्यांनी लिहिलाच नाही. फेविक्विकमधला ‘क्विक’ ‘के’ने सुरू होतो आणि ‘के’नेच संपतो. अंकल चिप्समध्ये एक ‘पी’ जादा आहे. ही नावे आपल्या घरांत इतकी मुरली आहेत की त्यांचे स्पेलिंग कुणी तपासून पाहत नाही.

तरीही प्रश्न उरतोच. असे नाव पहिल्यांदा समोर येते तेव्हा गिऱ्हाईक काय समजते? मालक कल्पक आहे असे, की त्याला इंग्रजी येत नाही असे? आपल्याला गुंडाळायला बघतोय असे, की यातले काहीच नाही? जाहिरातवाले या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरतात आणि भाषेचे अभ्यासक त्याकडे सहसा फिरकत नाहीत. उत्तर शोधायला मी उज्जैनचे फ्रीगंज निवडले. ते का, हे सांगण्याआधी या चुकीचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू.

ही खोड अमेरिकेत चांगली शंभर वर्षांपूर्वीच फोफावली होती. जॉर्ज ईस्टमन यांना ‘के’ हे अक्षर आवडायचे. त्यांनी १८८८मध्ये आपल्या कॅमेऱ्याला ‘कोडॅक’ नाव दिले. तो शब्द कोणत्याच शब्दाचा बिघाड नव्हता, पण ‘के’ची जादू त्याने दाखवून दिली. पुढे ‘सी’च्या जागी ‘के’ बसवण्याची लाटच आली. लुइझ पाउंड या भाषाभ्यासक बाईंनी १९२५मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात या ‘के’वेडावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी नेब्रास्कात ‘कूल-एड’ नावाची सरबताची पूड निघाली. त्यातला ‘कूल’ही ‘के’चा. हीच रीत पुढे संगणकाच्या जमान्यात ‘फ्लिकर’ आणि ‘टम्ब्लर’ यांनी उचलली. दोघांनीही शेवटच्या ‘आर’आधीचा ‘ई’ काढून टाकला, कारण सरळ स्पेलिंगचे पत्ते इंटरनेटवर आधीच कुणी ना कुणी घेऊन ठेवलेले असतात.

नाव लक्षात राहावे आणि डोळ्यांत भरावे, ही कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. खरी गोम कायद्यात आहे. मालाचा गुणच सांगणारा शब्द कुणालाही मक्तेदारीने मिळत नाही. आपल्याकडच्या १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याचे नववे कलम हेच सांगते. ‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘उत्तम’ हे शब्द सगळ्या दुकानदारांचे. मग त्यातलेच एखादे अक्षर बदलायचे आणि म्हणायचे, हा शब्द नवा आहे, हा माझा. न्यायालयांना ही युक्ती फार पूर्वीपासून ओळखीची आहे. इंग्लंडमध्ये एका कापडवाल्याने ‘ऑर्लवूला’ असे नाव नोंदवायला दिले होते. ते उच्चारून पाहिले की ‘सगळी लोकर’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्दच कानावर पडतो. १९०९ साली न्यायालयाने त्याला दुहेरी पेचात धरले. कापड लोकरीचे असेल तर हे नुसते वर्णन झाले, ते एकट्याला देता येणार नाही. आणि लोकरीचे नसेल तर ही सरळ फसवणूक झाली. नाव नाकारले गेले. आपल्याकडे मुंबईच्या मॅरिको कंपनीने सफोला तेलासाठी ‘लोसॉर्ब’ या नावावर हक्क सांगितला होता. सनड्रॉप तेलवाल्यांनी ‘लो अॅब्सॉर्ब’ असे शब्द वापरू नयेत, असे तिचे म्हणणे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये ते मान्य केले नाही. कमी तेल शोषले जाते हे सांगणारे शब्द मोडून जोडले, म्हणून ते खासगी मालकीचे होत नाहीत.

कायद्याची बाजू अशी बऱ्यापैकी स्पष्ट आहे. गिऱ्हाइकाच्या मनाची बाजू मात्र अलीकडेच नीट तपासली गेली. जॉन कॉस्टेलो, जेसी वॉकर आणि रेबेका वॉकर रेचेक या अमेरिकी संशोधकांनी आठ प्रयोगांवर आधारलेला निबंध २०२३मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये छापला. निष्कर्ष जाहिरातवाल्यांना झोंबणारा होता. नाव अनोळखी असेल आणि त्याचे स्पेलिंग मोडलेले असेल, तर लोक त्या मालाकडे कमी वळतात. तोच शब्द सरळ लिहिला तर जास्त वळतात. कारण काय, तर मोडलेले स्पेलिंग दिसले की गिऱ्हाइकाला वाटते, हा मला पटवायला बसलाय. आणि मग त्या मालामागचा प्रामाणिकपणा त्याच्या लेखी कमी होतो. दोन अपवादही त्यांना सापडले. नाव तसे ठेवण्यामागचा हेतू खरा वाटला, किंवा गिऱ्हाईक मुळात काही संस्मरणीय अनुभवाच्या शोधात असले, तर हा तोटा होत नाही.

हे काम मोलाचे आहे. पण त्याचा पाया असा की वाचणारा एकाच लिपीत वाचतो, आणि त्या लिपीत चूक चूक म्हणून दिसते. आपल्याकडे नेमका हाच पाया डळमळतो. ‘क्वालिटी’ हा शब्द देवनागरीत लिहून बघा. ‘क्यू’ची क्वालिटी आणि ‘के’ची क्वालिटी, दोन्ही अक्षरशः सारख्याच उमटतात. ‘थम’मधला ‘बी’ मुळात उच्चारलाच जात नाही. त्यामुळे देवनागरीत तो होताही नाही आणि गेलाही नाही. ‘चिप्स’मधला जादा ‘पी’, ‘क्विक’मधला ‘के’ हे सगळे लिप्यंतराच्या एका झटक्यात दुरुस्त होते. इंग्रजीत एका ध्वनीला अनेक स्पेलिंगे असू शकतात, म्हणून तिथे उच्चार राखून चूक करता येते. देवनागरी बहुतांशी उच्चाराला बांधलेली असल्यामुळे तिच्यात अशी बिनआवाजी चूक करायला जागाच फार थोडी आहे. ह्रस्व-दीर्घ, ‘श’ आणि ‘ष’, ‘ऋ’ आणि ‘रु’ एवढीच काय ती. म्हणजे रोमन वाचणाऱ्याला जो खटका लागतो, तो देवनागरी वाचणाऱ्याला लागतच नाही. दोघे एकाच दुकानात, एकाच फळीसमोर उभे असतात आणि दोन निरनिराळी नावे वाचत असतात.

फ्रीगंज निवडण्याचे कारण हे. उज्जैनमध्ये रेल्वेरुळांच्या एका अंगाला महाकाळ, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले गोपाळ मंदिर आणि जुने बाजार; पूल ओलांडला की दुसऱ्या अंगाला फ्रीगंज. सरकारी कागदांत हा भाग माधवनगर, बोलण्यात फ्रीगंज. इंग्रजी ‘फ्री’ला फारसी ‘गंज’ जोडून झालेले हे नावच मिश्र बाजाराची साक्ष देते. राणोजी शिंद्यांनी इथे ठाणे केल्यापासून मराठी कुटुंबे या शहरात आहेत. दौलतरावांनी दरबार ग्वाल्हेरला नेला तरी त्यातली बरीचशी इथेच राहिली. या कुटुंबांतला माणूस तीन लेखनरीती घेऊन बाजारात जातो. घरात मराठी शुद्धलेखन, पाट्यांवर हिंदी देवनागरी आणि पुड्यांवर रोमन.

या तिहेरी वाचनाने नजर वेगळी घडते. हिंदी पाटीवर ‘काळे’चे ‘काले’ होते, ‘चितळे’चे ‘चितले’, ‘टिळक’चे ‘तिलक’. ‘ळ’ हरवलेले आपले आडनाव आयुष्यभर वाचणारा माणूस अक्षर बदलले म्हणून दुकानदाराला अडाणी ठरवत नाही. त्या लिपीची ती रीत आहे हे तो जाणून असतो. पुण्या-मुंबईत वाढलेल्या मराठी वाचकाची जडणघडण निराळी. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर शाळेत गिरवून तो मोठा झालेला असतो. वेलांटी चुकली की त्याच्या कपाळाला आठी पडते. चुकीच्या नावाबद्दल ‘मराठी गिऱ्हाईक’ म्हणून एकच ठोकळ विधान करता येणार नाही, हे या दोघांना शेजारी उभे केले की लगेच ध्यानात येते.

फ्रीगंजमधल्या टॉवर चौकाच्या आसपासच्या कुठल्याही किराणा दुकानाची मधली फळी डोळ्यांसमोर आणा. वर तुपाचे डबे. त्यांतल्या एखाद्यावर किंवा दुकानाच्या पाटीवर ‘शुध्द’ असे लिहिलेले असते. ‘द’ला ‘ध’ जोडायचा तिथे ‘ध’ला ‘द’ जोडलेला. ही चूक मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात सारखीच सर्रास दिसते. शुद्धतेची ग्वाही देणारा शब्दच अशुद्ध लिहिलेला असतो, तरी त्यावरून कुणी तूप नाकारत नाही. गिऱ्हाईक डब्याला नाक लावते, भाव विचारते, दुकानदाराच्या तोंडाकडे बघते. खालच्या फळीवर बिस्किटे, चिप्स, चिकटवण्याच्या ट्यूबा. गिऱ्हाईक म्हणते, “भैया, एक फेविक्विक देना,” आणि दुकानदार न बघता हात घालून ट्यूब काढतो. या सगळ्या व्यवहारात रोमन स्पेलिंग कुणाच्याच कामी येत नाही. नाव कानाने मागितले जाते, रंगाने ओळखले जाते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कानाचे महत्त्व फार आधी ओळखले. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या १९६२च्या निकालात न्यायालयाने सर्वसाधारण बुद्धीचे आणि अर्धवट आठवणीचे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवले. ते नाव सुट्या अक्षरांत तपासत नाही. त्याच्या मनात नावाचा एकूण ठसा असतो. २००१मध्ये कॅडिलाच्या खटल्यात मलेरियावरच्या दोन औषधांची नावे समोर होती, ‘फॅल्सिगो’ आणि ‘फॅल्सिटॅब’. तेव्हा न्यायालयाने बजावले की भारतात सगळ्यांची मिळून एक भाषा नाही आणि इंग्रजी जाणणारे थोडे आहेत, म्हणून इंग्लंडमधल्या कसोट्या इथे जशाच्या तशा लावता येणार नाहीत. न्यायालयाने कायद्याबद्दल जे म्हटले, ते बाजाराच्या अभ्यासाबद्दलही तितकेच खरे आहे, असे माझे ठाम मत आहे.

यात आणखी एक पदर आहे. अमेरिकी गिऱ्हाइकाला मोडलेले स्पेलिंग दिसले की त्याला विक्रेत्याचा डाव आठवतो. आपल्या गिऱ्हाइकाला अंकशास्त्र आठवते. ‘कहानी घर घर की’ ही मालिका २००० साली सुरू झाली, तिच्या रोमन नावातल्या ‘की’ला एक ‘आय’ जादा होता. तेव्हापासून चित्रपटांची, मालिकांची आणि माणसांची नावे अशी वाढवलेली आपण सतत बघत आलो. पाटीवर एखादे अक्षर जास्त दिसले की लोक सहज म्हणतात, “आकडा जुळवून घेतला असेल.” या स्पष्टीकरणात गिऱ्हाइकाला फसवण्याचा हेतू कुठेच नाही. मालकाने स्वतःच्या बरकतीसाठी केलेला तो उपाय ठरतो. अंकशास्त्रावर आपला विश्वास असो वा नसो, हेतूबद्दलचा संशय मात्र त्याने पुष्कळसा विरतो. कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी सांगितलेला पहिला अपवाद आपल्याकडे असा अनपेक्षित वाटेने खरा होत असावा. तो प्रयोगाने तपासायला हवा.

या दोन लिप्यांच्या खेळाचा सर्वांत बोलका नमुना आज प्रत्येक गल्ल्यावर ठेवलेला आहे. दुकानातल्या छोट्या डब्यातून पैसे आल्याची वर्दी मिळते आणि त्यात ‘फोनपे’चे नाव असते. रोमनमध्ये हा ‘पे’ म्हणजे पैसे देण्याच्या इंग्रजी शब्दाचे मोडलेले स्पेलिंग. ‘ए-वाय’च्या जागी नुसता ‘ई’. माळव्यातल्या माणसाला त्यात ‘फोनवर’ असा सरळ हिंदी अर्थ ऐकू येतो. कंपनीनेही आपल्या बोधचिन्हात देवनागरी ‘पे’ हेच अक्षर घेतले. तिने ‘भारतपे’विरुद्ध या ‘पे’वर हक्क सांगितला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. वर्णन करणारा शब्द चुकीचा लिहिला म्हणून तो एकट्याचा होत नाही, हेच सूत्र तिथेही लागू झाले. पुढे २०२४मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड करून वाद मिटवला. रोमनमधले बिघडलेले स्पेलिंग देवनागरीत अर्थपूर्ण शब्द झाले, म्हणून हे नाव इथे खटकले नाही. उलट घरचे वाटले.

इथवर या चुकीत नुकसान काही दिसत नाही. एका ठिकाणी मात्र ते आहे आणि त्याबद्दल मला गप्प राहवत नाही. बिस्किटांच्या अनेक पुड्यांवर ‘क्रीम’ हा शब्द रोमनमध्ये इंग्रजीतल्यासारखा लिहिलेला नसतो; ‘ए’ गाळून शेवटी ‘ई’ लावलेला असतो. त्या भरावात मुख्यतः साखर आणि वनस्पतिजन्य मेद असते, साय नसते. रोमन बारकाईने वाचणाऱ्याला बदललेले स्पेलिंग निदान एक इशारा देते, की ही दुधावरची साय नव्हे. देवनागरीत दोन्ही शब्द ‘क्रीम’च होतात आणि इशारा पुसला जातो. पोराच्या हाती पैसे देऊन “क्रीमची बिस्किटं आण” म्हणणाऱ्या आईला तो कधी पोहोचतच नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. अन्नपदार्थांच्या वेष्टनांबाबतचे २०२०चे नियम मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यायला सांगतात. दोन्हींत द्या, असे म्हणत नाहीत. त्यामुळे घटकांची यादी केवळ इंग्रजीत, बारीक टायपात दिली तरी कायदा पाळला गेला असे होते.

महाराष्ट्रात २०२२मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दुकानाची पाटी मराठीत देवनागरी लिपीत हवी आणि तिची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असे ठरले. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या पाट्या बदलताना प्रत्येक मोडलेल्या नावाला नकळत दुरुस्त व्हावे लागले. पाटीपुरते हे चांगलेच झाले. पण पाटीवरून आत गेल्यावर पुडा हातात येतो आणि पुड्यावर ती सक्ती नाही.

मराठी व्यापाराची जुनी रीत याहून वेगळी होती. सांगलीचे गाडगीळ १८३२पासून, गिरगावचे बेडेकर १९१०पासून, भिलवडीचे चितळे १९३९पासून आपल्या आडनावावर माल विकत आले. आडनाव म्हणजे उत्तरदायी माणूस. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटीही त्याच भावनेची. नक्कल करणाऱ्यांना इशारा आणि गिऱ्हाइकाला दिलासा. आता सगळ्यांनी आडनावेच लावावीत असा माझा आग्रह नाही, आणि नवे शब्द घडवायलाही माझा विरोध नाही. कंपनीने आपल्या नावात ‘के’ घालावा, ‘बी’ काढावा. तिचा तो अधिकार आहे. पण नाव आणि मालाचे वर्णन यांत फरक आहे. मोडलेले नाव खपवून घेता येते, मोडलेले वर्णन नाही.

पुढील प्रकरणांत बाजारातल्या नावांचे गट पाडून त्यांचा विचार केला आहे : देवनागरीत येताच दुरुस्त होणारी नावे, देवनागरीत येऊन नवा अर्थ घेणारी नावे आणि देवनागरीत येऊन वाचकाला अंधारात ठेवणारी नावे. यांपैकी तिसऱ्या गटावर सर्वांत जास्त पाने खर्च झाली आहेत, कारण तिथे प्रश्न आवडीनिवडीचा उरत नाही. अन्नाच्या वेष्टनावर मालाचे खरे वर्णन आणि घटकांची यादी त्या त्या राज्यातल्या लोकांच्या लिपीत, वाचता येईल एवढ्या टायपात छापणे बंधनकारक झाले पाहिजे. वाचकांना एकच विनंती आहे. पुढच्या वेळी पुडा हाती आला की समोरचे मोठे नाव वाचून थांबू नका. तो उलटा करा, मागची यादी वाचा, आणि ती तुम्हाला वाचता येणाऱ्या लिपीत नसेल तर कंपनीला तसे लेखी कळवा.